इराणमध्ये गाणं-नाटक खरंच बंद आहे का? (एकांकिकेसाठी विचारतोय)

तिसरी_घंटा: नमस्कार मंडळी, आमचा ग्रुप इराणवर एकांकिका बसवतोय, तालमी दादरला चालल्यात. लेखक मित्राने लिहिलंय की १९७९ च्या क्रांतीनंतर तिकडे सगळी कलाच बंद झाली आणि नायक तळघरात लपून वाद्य वाजवतो. वाचताना मला खटकलं, कारण मागच्या महिन्यात एका फिल्म क्लबात इराणी सिनेमा पाहिला, एक शाळकरी पोरगा मित्राची वही परत द्यायला गावभर धावतो एवढीच गोष्ट, आणि तो क्रांतीनंतरचाच आहे. मग बंद म्हणजे नेमकं काय बंद? आणि नमाज-रोजे करणारा तिथला साधा माणूस या सगळ्याकडे कसा बघतो? संहिता सेन्सॉरला पाठवायचीय, वेळ कमी आहे, प्लीज सांगा.

माहीमची_मावशी: अरे बाळा, शेवटची ओळ तूच लिहिलीस ना, संहिता सेन्सॉरला पाठवायचीय. तिकडेही पहिली गोष्ट तीच, फक्त फास फार घट्ट. पुस्तक, सिनेमा, नाटक, मैफल, सगळ्याला संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालयाचा परवाना लागतो, लोक त्याला नुसतं 'इर्शाद' म्हणतात. क्रांतीच्या धामधुमीत थिएटरं जाळली गेली हे खरं, १९७८ मध्ये आबादानच्या रेक्स सिनेमात शेकडो माणसं होरपळून गेली. पण १ फेब्रुवारी १९७९ ला क्रांतीचे नेते खोमेनी परदेशातून परत आले त्याच दिवशी भाषणात म्हणाले की आमचा विरोध सिनेमाला नाही, अनाचाराला आहे. आता अनाचार कशाला म्हणायचं हे ठरवणारेही तेच, हा भाग वेगळा. पडद्यावरच्या बाईने घरातही डोकं झाकायचं, नवरा-बायकोने एकमेकांना हातसुद्धा लावायचा नाही, मग दिग्दर्शक काय करणार, लहान मुलांच्या गोष्टी घेतल्या. एवढं एकच कारण नव्हतं, लहान मुलांचे सिनेमे क्रांतीआधीही बनत होते, पण तू पाहिलास तसे सिनेमे त्या वाटेने आले. तेव्हा तळघरातला नायक ठेव हवा तर, पण इर्शादच्या खुर्चीपुढे फाइल घेऊन बसलेला जास्त खरा वाटेल.

डोंगरीचा_पोरगा: मी शिया आहे, इमामवाड्याच्या मुघल मशिदीजवळ वाढलो, ती निळ्या टाइल्सची, इराण्यांनी १८६० मध्ये बांधलेली. आमच्याकडे मोहरममध्ये नोहा, म्हणजे शोकाची पदं, 'पढतात', 'गातात' म्हणालात तर आजी अजून डोळे वटारते, चाल असते, सूर असतो, आवाज कमावलेला असतो, तरी ते गाणं नाही म्हणजे नाही. तुमच्याकडे बुवा कीर्तन 'करतात' तसंच समजा. इराणमध्ये तर नोहा पढणारे मद्दाह पॉप गायकाइतके फेमस असतात, इराक युद्धात (१९८०–८८) आघाडीवर जाणाऱ्या पोरांसाठी नोहे पढणारा आहंगरान अख्ख्या देशाला माहीत झाला. म्हणजे संगीतावर आधी बंदी घालणाऱ्या राजवटीचं कामही आवाजाशिवाय भागलं नाही.

आणि मोहरमचा विषय निघालाच तर, आपल्याकडे ताजिया म्हणजे मिरवणुकीत नेतात तो कबरीचा देखावा, गावाकडे ताबूत. इराणमध्ये ताजिये म्हणजे चक्क नाटक, करबलाच्या लढाईचं, जिथे पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यजीदच्या फौजेकडून मारले गेले, प्रेक्षक गोल बसलेले. हुसैनच्या बाजूचे लोक हिरव्या कपड्यात आणि पद्य सुरात म्हणणार, यजीदच्या बाजूचे लाल कपड्यात आणि नुसतं ओरडून बोलणार. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. पाण्याचं भांडं ठेवलं की ती फुरात (युफ्रेटिस) नदी, डोक्यावर भुसा टाकला की वाळवंटाची धूळ. बरेचदा नटाच्या हातात संवादाचा कागद असतो, पाठ नाही म्हणून नाही, मी इमाम नाही मी फक्त त्यांचे शब्द वाचतोय हे दिसावं म्हणून. शिम्र, म्हणजे हुसैनचा गळा कापणारा, तो करणारा नटही वार करता करता रडतो. आणि गंमत बघा, १९३० च्या दशकात याच्यावर बंदी घातली ती मुल्लांनी नव्हे, तेव्हाचा राजा रझाशाहने, मॉडर्न देशात हे मागासलेलं दिसतं म्हणून.

स्लो_लोकल: दोघांचं वाचून वाटेल सगळं आलबेल आहे. बाईला पुरुषांसमोर एकटीने गाता येत नाही आजही, कोरसमध्ये चालतं. सरकारी टीव्हीवर मैफल लागते तेव्हा वाद्य दाखवत नाहीत, फुलं नाहीतर धबधबा दाखवतात. दिग्दर्शक जाफर पनाहींवर २०१० मध्ये २० वर्षं सिनेमा करायची बंदी आली (करत राहिले ते). आणि गायक शजरियान घ्या. त्यांच्या आवाजातली कुराणातली प्रार्थना रमजानमध्ये रोजा सोडायच्या वेळेला वर्षानुवर्षं रेडिओवर लागायची, २००९ च्या निवडणुकीनंतरच्या सरकारविरोधी आंदोलनात ते लोकांच्या बाजूने बोलले आणि प्रार्थनाच बंद झाली. शब्द कुराणाचे असूनही. म्हणजे भानगड धर्माची कमी आणि माईक कोणाच्या हातात याची जास्त.

डोंगरीचा_पोरगा: @स्लो_लोकल आलबेल कोण म्हणालं भाऊ? पण शजरियानचं बरोबर आहे. लोक इफ्तारला ती रेकॉर्डिंग स्वतःच लावायला लागले, त्यात पक्के नमाजीही होते. हेच सांगायचं होतं, तिकडे धार्मिक माणूस आणि सरकार एकच असं धरून लिहू नका.

तिसरी_घंटा: मावशी, दादा, सगळ्यांचे आभार, लेखकाला लिंक टाकलीय, तो आधी चिडला, आता म्हणतो तळघर कॅन्सल. नायक ताजियेत शिम्र करतो आणि इफ्तारची प्रार्थना घरी लावतो असं काहीतरी घुमतंय त्याच्या डोक्यात. दादा, एक शंका, शिम्रचा झगा पूर्ण लाल असतो की नुसता शेला चालेल? ड्रेपरीवाला दिवसाचे पैसे घेतो. आणि सेन्सॉरला पाठवायच्या संहितेत 'इमाम' हा शब्द ठेवायचा का, मावशी?

माहीमची_मावशी: ठेव. आणि दोन प्रती जास्त काढ, एक नेहमी हरवते.