भडका, स्फोट, धमाका, ब्लास्ट: कुठे काय म्हणायचं?

रामबागकर: परवा आमच्या मागच्या गल्लीत एकांच्या किचनमध्ये गॅस लीक होऊन रात्रभर साचला, सकाळी लाइटचं बटण दाबलं आणि मागची भिंत गल्लीत येऊन पडली, नशीब की भाजण्यावर निभावलं. हिंदी पेपरात ‘सिलेंडर ब्लास्ट’, आपल्या मराठी ग्रुपवर ‘सिलिंडरचा भीषण स्फोट’, आणि आमची आई म्हणते ‘स्फोट कसला, भडका उडाला’. आणि सिलिंडर तर जागच्या जागी शाबूत, साधा पोचा पण नाही! मग शब्द कोणता बरोबर?

पीथमपूरवाला: मी कारखान्यात सेफ्टीचंच बघतो म्हणून लिहितो. आईंचं बरंचसं बरोबर आहे. एलपीजी हवेत साधारण 2 ते 9.5 टक्के असेल तरच पेटतो, कमी असला तर जळायला पुरत नाही, जास्त झाला तर हवा पुरत नाही. शिवाय हवेपेक्षा जड, त्यामुळे ओट्याखाली, जमिनीलगत साचून राहतो. बटणाची ठिणगी मिळाली की ज्वाळ खोलीभर पळत सुटते, हा झाला भडका. अंगणात असता तर भक्क करून संपला असता. बंद खोलीत तापलेल्या वायूला जायला जागा नाही म्हणून दाब चढतो, आणि तो फार चढावा लागत नाही हो. वातावरणाच्या दाबाच्या एक दशांश जरी जास्त झाला तरी 3 मीटर बाय 3 मीटरच्या भिंतीवर सगळा मिळून 9 टनांच्या आसपास रेटा बसतो. साडेचार इंची विटांची भिंत असा आडवा रेटा कुठून सोसणार? म्हणजे भडका गॅसचा, स्फोट खोलीचा, सिलिंडर बिचारं निर्दोष.

(वास आला तर बटण चालू पण करू नका आणि बंद पण करू नका, ठिणगी दोन्हीकडे पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन 1906 ला फोन.)

सुधाताई: वा, ‘स्फोट खोलीचा’ हे आवडलं, कारण शब्दाचं मूळ तेच सांगतं. संस्कृतातला स्फुट् म्हणजे फुटणं, आपले फुटणे, फोडणे, अंगावरचा फोड सगळे त्याच घरातले. त्यात आगीचा संबंधच नाही! म्हणून तर पेपरवाले रोज उठून कुणाचा तरी ‘गौप्यस्फोट’ छापतात, तिथे कोण काडी लावतं? उलट भडका म्हटलं की जाळ आलाच, महागाईचा असला तरी. आणि ते ‘विस्फोट’ लोकसंख्येपुरतं ठीक आहे, बाकी आपण हिंदी वाचून वाचून वापरतो.

पीथमपूरवाला: ताई एकदम करेक्ट. कुकर फुटतो, बॉयलर फुटतो, तिथे जळत काहीच नाही, पाण्याची वाफ होताना जागा साधारण 1600 पट लागते आणि भांडं म्हणतं बस. सिलिंडरचा स्फोट असतो तो वेगळा, बाहेरच्या आगीने आतलं द्रव उकळतं, पत्रा तापून मऊ पडतो आणि फाटतो. तेव्हा म्हणा खुशाल सिलिंडर फुटलं.

रामबागकर: अन् दिवाळीचं काय? आमच्या इकडे इंदूरजवळ गौतमपुऱ्याला हिंगोट युद्ध असतं, पाडव्याला संध्याकाळी दोन पार्ट्या एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली पोकळ फळं, फेकतात. ते स्फोटात येतं का?

पीथमपूरवाला: ते उडतं, फुटणं हा त्याचा धर्म नाही. आतली दारू जळते, धूर एका बाजूने सुटतो, वस्तू दुसरीकडे पळते, म्हणजे बाण. बंदुकीची दारू मुळात जळणारीच, जाळ कणाकणाला तापवत पुढे सरकतो, कोंडली तर बार होतो. टीएनटीची जात निराळी, तिथे पुढच्या थराला पेटवतो तो धक्का, आणि तो सेकंदाला 6.9 किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे इंदूरहून देवास पाच-सहा सेकंदांत. इंग्रजीत पहिल्याला डिफ्लग्रेशन, दुसऱ्याला डेटोनेशन. माझ्या मते भडका आणि स्फोट ही जोडी इथे नाही चालायची, कारण आत्ताच ठरलं ना की भडक्यानेही खोलीचा स्फोट होतो. मी ट्रेनिंगमध्ये ‘जळणारी दारू’ आणि ‘धक्क्याने फुटणारी दारू’ असं लांबलचक सांगतो, पोरांना कळतं.

सुधाताई: गौतमपुऱ्याच्या त्या दोन पार्ट्यांची नावं तुर्रा आणि कलंगी ना? आपल्या शाहिरीतले कलगीवाले-तुरेवाले आठवले एकदम, तिकडे सवाल-जवाब, इकडे हिंगोट! असो. मग ‘धमाका’ आणि ‘हादरा’?

पीथमपूरवाला: धमाका म्हणजे आवाज, कानाचा शब्द. हादरा वेगळा, तो दाबाच्या लाटेचा. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली, आधी लखलखाट झाला, लोक काय झालं बघायला खिडक्यांशी गेले, आणि दोनेक मिनिटांनी लाट पोचून काचा त्यांच्याच अंगावर आल्या. सुमारे 1500 जखमी, बरेचसे काचांनीच. तेव्हा लांबवर मोठा लखलखाट दिसला की आधी काचेपासून लांब व्हा, व्हिडिओ नंतर.

रामबागकर: ग्रुपवर दुरुस्ती टाकली, ‘गॅसचा भडका उडून भिंत कोसळली, सिलिंडर शाबूत’. लगेच एक काका, ‘मग ब्लास्ट झालाच नाही का?’ आता त्यांना कोण समजावणार, तुम्हीच या.