नवरा घोरतो आणि घर वन बीएचके, झोपायचं कुठे?

अर्धीझोप:
नमस्कार मंडळी, विषय घरगुती आहे, हसा हवं तर पण हसून झाल्यावर उत्तरं द्या. लग्नाला बारा वर्षं झाली, नवरा थोडाफार घोरायचा पहिल्यापासूनच, पण लॉकडाऊननंतर घरून काम सुरू झालं, वजन ७४ वरून ८९ वर गेलं आणि तेव्हापासून जो काही खर्ज लागलाय तो विचारू नका. डोंबिवलीत वन बीएचके, हॉलमध्ये साबा आणि लेक झोपतात, त्यामुळे "वेगळ्या खोलीत झोप ना" हा सल्ला कृपया नको. आमच्याकडे वेगळी खोली म्हणजे किचन. एकदा तिथे गादी टाकली तर सकाळी साबा चहा गाळताना हळूच म्हणाल्या, भांडण झालं का गं? आता त्यांना काय सांगू, तुमचा मुलगा... असो.

करून झालेले उपाय: कुशीवर वळवणं (पाच मिनिटांत परत उताणा), कोपर मारणं (वर मलाच म्हणतो, झोपू दे की जरा), नाकावरच्या पट्ट्या (घामाने सुटून उशीला चिकटतात), कानात कापसाचे बोळे (काहीही उपयोग नाही). सकाळी साडेपाचला उठून डबे, मग लोकल, आणि चुकून बसायला मिळालंच तर कुर्ल्याला उतरायचं ते डोळे उघडतात दादरला. आणि सगळ्यात वैताग म्हणजे तो मान्यच करत नाही, म्हणतो "मी घोरतच नाही, तुझी झोप सावध आहे."

परवा अजून एक झालं. घोरता घोरता एकदम बंद झाला. मला बरं वाटलं, म्हटलं चला सुटलो, पण ती शांतता जरा जास्तच लांबली, मी उठूनच बसले, तेवढ्यात घुसमटल्यासारखा मोठ्ठा श्वास घेतला आणि गाडी परत सुरू. त्याला काहीच पत्ता नाही. हे नॉर्मल असतं का?

चकली_भाजणी:
सगळ्यात आधी एक मिठी. आमच्याकडे टेनिस बॉलचा प्रयोग झालाय, जुन्या टीशर्टला पाठीवर खिसा शिवायचा आणि त्यात बॉल टाकायचा, म्हणजे उताणं झोपलं की टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर वळतो. खरंच चालतं हो, उताणं झोपलं की जीभ मागे पडते त्यामुळे जास्त घोरतात म्हणे. आमच्याकडे आठ दिवस छान गेले, नवव्या दिवशी धाकट्याने तो बॉल खाली क्रिकेटला नेला आणि तो गेला गटारात. नवऱ्याने दुसरा आणू दिला नाही :ड

आणि शनिवारी मित्रांबरोबर बसत असतील तर ते आधी बघ. प्यायल्यावर घसा अजून सैल पडतो, आमच्याकडे शनिवारचा आवाज आणि मंगळवारचा आवाज वेगळा ओळखू येतो.

नाशिकचा_काका:
ताई, बॉल वगैरे नंतर. तुझा शेवटचा पॅरा वाचून लॉगिन केलंय.

घोरण्याचा त्रास शेजारच्याला, पण मधेच श्वास थांबतो त्याचा त्रास घोरणाऱ्याला. मी स्वतः त्यातला आहे. मलाही वाटायचं बायको वाढवून सांगते. सकाळी उठलो की डोकं जड, तोंडाला कोरड, बीपीच्या दोन गोळ्या चालू तरी आकडा खाली येईना. मग एकदा मुंबईहून येताना कसारा घाटात स्टिअरिंगवर डोळा लागला. क्षणभरच. बायकोने दंडाला चिमटा काढला म्हणून आज हे टाइप करतोय. त्याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी स्लीप स्टडी सांगितली. घरीच झाली, बोटाला ऑक्सिमीटर, नाकाखाली नळी, छातीला पट्टा, बस, तसंच झोपायचं. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की एक धरतात, अर्धवट अडकला तर तेही मोजतात, आणि तासाला किती वेळा झालं ते काढतात. ५ च्या आत असेल तर काळजी नाही, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. माझे आले ४१. म्हणजे दीड मिनिटाला एकदा कोणीतरी गळा धरतंय आणि मी म्हणतोय मला मस्त झोप लागते.

आता सीपॅप मशीन लावतो. त्यात औषध वगैरे काही नाही, हवेच्या दाबाने घसा उघडा धरून ठेवतं एवढंच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी काढलं, १९८१ साली प्रसिद्ध झालं, सुरुवातीच्या यंत्राला म्हणे व्हॅक्युम क्लीनरची मोटर होती. पहिले पंधरा दिवस मी मास्क झोपेत उपटून फेकायचो, नातू हत्ती म्हणायचा. पण ज्या दिवशी पूर्ण रात्र लावलं ना, दुपारची पेंग गायब. मशीन सगळ्यांनाच लागतं असं नाही हां, कुणाचं वजन उतरवून भागतं, कुणाला दाताचे डॉक्टर खालचा जबडा पुढे धरणारी कवळीसारखी वस्तू करून देतात. ते तपासणीनंतर ठरतं. दुपारी मीटिंगमध्ये पेंगतो का तो? बीपी कधी मोजलंय?

घोरावाडी_हॉल्ट:
(आयडी पुणे-लोणावळा लाइनवरच्या खऱ्या स्टेशनचा आहे, मी घेतलाय मात्र याच कारणासाठी.)

आमच्याकडे उलटं आहे, बायको घोरते. पन्नाशीनंतर सुरू झालं. बाईमाणूस घोरते हे तिला इतकं लाजिरवाणं वाटायचं की लग्नाकार्याला गेलो की सगळ्या बायकांच्या खोलीत ती रात्रभर जागी बसायची. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिचा चेहराच बदलला. थायरॉइडही तपासायला लावलं त्यांनी, ते निघालं.

तर सांगायचं हे की पटवायचं कसं. "तू घोरतोस" म्हटलं की समोरचा भांडायलाच उठतो. मोबाइल उशाशी ठेवून रेकॉर्ड कर, पण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नको, आणि सगळं ऐकवू नको. फक्त ती शांतता आणि त्यानंतरचा श्वास, तेवढंच ऐकव.

निद्रादेवी_रुसली:
काका बरोबर आहेत पण तोपर्यंत हिने काय करायचं? फोमचे इअरप्लग घे, केमिस्टकडे मिळतात, आणि नुसते कोंबू नको. बोटांनी वळून सुरळीसारखे बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, मग आत सरकवून अर्धा मिनिट बोट तसंच ठेवायचं, ते आत फुगतात. बरेच लोक हेच करत नाहीत आणि उपयोग नाही म्हणतात. अलार्म ऐकू येणार नाही, त्यामुळे हातात व्हायब्रेट होणारा बँड.

अर्धीझोप:
सगळ्यांना थँक्यू. काका, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. रात्री रेकॉर्ड केलं. सकाळी त्याला नुसतं कानाला लावून दिलं, काही बोलले नाही. पहिले हसला. मग ती गॅप आली, मी मोजलेली, २३ सेकंद. स्क्रीनवरचे सेकंद पुढे जाताना बघत होता, मधेच म्हणाला "पॉज झालंय का?" नाही म्हटलं. मग आवाज आला. चहा तसाच टाकून खाली गेला आणि अर्ध्या तासाने वर येऊन विचारतो, गुरुवारी तुला हाफ डे मिळेल का. तर गुरुवारी जातोय.

बीपी मोजलं काका, साबांच्याच मशीनवर, १५०/९६.

इअरप्लग आणलेत पण आता लावायला भीती वाटते, परत थांबला तर?

नाशिकचा_काका:
लाव आणि झोप. इतकी वर्षं तो स्वतःच दचकून श्वास घेतोय, आणि डॉक्टरकडे जायचं ठरलंय. तुलाही सकाळी लोकल आहेच. फक्त गुरुवारी रेकॉर्डिंग सोबत ने. आणि तोवर त्याला बाइक लांब चालवू देऊ नको.

चकली_भाजणी:
काका, अवांतर पण विचारते, आमच्याकडे गावी रात्री लाइट जाते, मशीनचं काय करायचं मग?

नाशिकचा_काका:
इन्व्हर्टरवर घ्यायचं. हवा ओलसर करायचा जो हीटर असतो तो बंद ठेवला की बॅटरी पुरते, पाणी तापवण्यातच जास्त जाते ती. आणि इन्व्हर्टरच नसेल तर मास्क काढून कुशीवर झोपायचं. तुझा तो टेनिस बॉल तिथे कामाला येईल बघ, गटारातून काढला असशील तर.