पेनड्राइव्हवरील लिनक्समध्ये केलेले बदल टिकत नाहीत, मदत हवी आहे

नमस्कार. लॅपटॉपची हार्ड डिस्क निकामी झाल्यामुळे मी ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या पेनड्राइव्ह तयार करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली टाकून घेतली असून सध्या माझे सगळे काम त्यावरच चालते. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बूटचा क्रम बदलून पेनड्राइव्ह आधी ठेवल्यावर ती नीट सुरू होते. परंतु लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की मराठी कीबोर्डची मांडणी, वायफायचा पासवर्ड आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, सारेच नाहीसे झालेले असते. काल चार तास टंकलेला मजकूर असाच गेला, याचे फार वाईट वाटले.

लाइव्ह पद्धतीत, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालवताना, मूळ प्रणाली बदलत नाही आणि केलेले बदल रॅममध्येच राहतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पेनड्राइव्ह तयार करताना बदल साठवण्यासाठी मी ८ जीबी जागा राखली होती. ‘रायटेबल’ नावाचे पार्टिशन (पेनड्राइव्हचा वेगळा भाग) दिसतेही, पण त्यात काहीच साठत नाही.

ग्रबच्या (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ओळीत ‘पर्सिस्टंट’ (बदल टिकवून ठेव) हा शब्द हाताने लिहावा लागतो का? की दुसऱ्या पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉलेशनच करणे योग्य ठरेल? सततच्या लेखनाने पेनड्राइव्ह झिजतो, म्हणून दुसरा मार्ग धरताना मन कचरते. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.