प्रोग्रामिंगमधून इंटरफेस डिझाइनकडे वळावे का?

प्रश्न: मी सोलापुरात राहून जावामध्ये प्रोग्रामिंग करतो, मात्र पडद्यावरची मांडणी वापरणाऱ्याला उमगते का, याच विचारात माझे मन अधिक रमते. चित्रकला येत नसताना या क्षेत्रात येता येईल का?

उत्तर १: नक्कीच येईल. फिग्मा हे पडदे रचण्याचे सॉफ्टवेअर लवकर हाती बसते. खरे कष्ट माणसे निरखण्यात आहेत. आपल्याकडे चादरींच्या व्यापारात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी माणसे भेटतात. त्यांच्यापैकी चार-पाच जणांना एखाद्या ॲपवर बिल करायला सांगावे, मध्ये न बोलता शेजारी बसावे आणि बोट कोठे अडखळते ते टिपून पडदा नव्याने रचावा. कारणांसह मांडलेला असा एक अभ्यास पोर्टफोलिओत दहा देखण्या चित्रांपेक्षा मोलाचा ठरतो, असे माझे ठाम मत आहे.

उत्तर २: वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांची इंटरफेस डिझाइनविषयीची १९९४ मधील दहा तत्त्वे अवश्य वाचावीत. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरकाचे गुणोत्तर) किमान ४.५:१ असावा, हा डब्ल्यूसीएजीचा (संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा) एए या मधल्या पातळीवरील निकषही पाळावा. देवनागरीत वर-खाली मात्रा येत असल्याने ओळींमधील अंतर थोडे वाढवावे लागते.

उत्तर ३: नोकरी लगेच सोडू नये. आधी आपल्याच टीममध्ये फ्रंटएंडचे, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणाऱ्या पडद्यांचे, काम मागून घ्यावे.