'जितकं… तितकं' इंग्रजीत लिहिताना 'द मोअर… द मोअर' कुठे चुकतं?

पाटीपेन्सिल

मंडळी, स्पर्धा परीक्षेसाठी वाक्यरूपांतराचा सराव चालू आहे. तुलनेच्या जोडवाक्यांत हमखास गुण जातात. खालची पाचही वाक्यं उत्तरपत्रिकेत चूक धरली गेली आहेत, कारण मात्र कुठेच लिहिलेलं नाही.

१. जितकं मोठं घर, तितकं भाडं जास्त. "द बिग द हाउस, द मोअर द रेंट."
२. जितकी जास्त पुस्तकं वाचाल, तितके जास्त शब्द कळतील. "द मोअर यू विल रीड बुक्स, द मोअर यू विल नो वर्ड्स."
३. हॉटेल जितकं महाग, तितकी सेवा चांगली. "द मोअर द हॉटेल इज एक्स्पेन्सिव्ह, द मोअर बेटर इज द सर्व्हिस."
४. ती जितकी हुशार आहे तितकीच नम्र आहे. "द मोअर शी इज क्लेव्हर, द मोअर शी इज हम्बल."
५. जितक्या जास्त लोकांशी बोलाल, तितकं जास्त शिकाल. "द मोअर पीपल यू टॉक, द मोअर यू लर्न."

आणखी एक शंका. 'द' फक्त 'बेस्ट', 'टॉलेस्ट' यांच्याआधी लागतो असं शाळेत शिकवलं होतं. मग इथे 'बेटर'आधी कसा चालतो?

काना_मात्रा

आधी साचा पाहू. 'द', त्याला चिकटून तुलनेचं रूप, मग कर्ता, मग क्रियापद. स्वल्पविराम. पुन्हा तेच. "द हायर यू क्लाइंब, द कोल्डर इट गेट्स." दोन्ही अर्धी वाक्यं 'द'ने सुरू होतात आणि दोन्हीकडे तुलनेचं रूप लागतंच.

पहिल्या वाक्यात हेच निसटलं आहे. मराठीत 'जितकं मोठं' म्हटलं की भागतं, विशेषणाचं रूप बदलत नाही. इंग्रजीत 'बिग'चं 'बिगर' करावं लागतं. भाड्याला 'मोअर'पेक्षा 'हायर' शोभतं, म्हणून "द बिगर द हाउस, द हायर द रेंट". इथे क्रियापद दिसत नाही, कारण 'इज' गाळता येतं. मात्र दोन अटी आहेत: कर्ता नाम असला पाहिजे आणि विधान सर्वसाधारण असलं पाहिजे. कर्ता सर्वनाम असेल तर 'इज' ठेवावंच लागतं, "दि ओल्डर ही, द वाइजर ही" असं होत नाही. गोष्ट भूतकाळातली असेल तर 'वॉज'सुद्धा ठेवा, नाहीतर वाचणारा ते कायमचं सत्य समजेल.

दुसऱ्यात दोन चुका आहेत. पहिला भाग अटीचा असतो, 'इफ'च्या वाक्यासारखा, म्हणून तिथे 'विल' नको, साधा वर्तमानकाळ हवा. 'विल' दुसऱ्या भागात येईल. शिवाय 'मोअर' ज्या नामाचं आहे ते नाम त्याच्याबरोबर पुढे आणायचं: "द मोअर बुक्स यू रीड, द मोअर वर्ड्स यू विल नो."

तिसऱ्यात 'मोअर' पुढे गेला आणि 'एक्स्पेन्सिव्ह' मागेच राहिलं. मराठीभाषकांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. 'मोअर एक्स्पेन्सिव्ह' हे मिळून एकच रूप आहे, ते तोडायचं नाही: "द मोअर एक्स्पेन्सिव्ह द हॉटेल इज, द बेटर द सर्व्हिस इज." आणि 'बेटर' हे आधीच तुलनेचं रूप, त्याला पुन्हा 'मोअर' लावला तर 'मोअर बेटर' होतं. परीक्षक तिथेच लाल पेन उचलतो.

पाचव्यात 'टू' राहिलं. 'लोकांशी' मधला 'शी' मराठीत नामाला चिकटून पुढे येतो, इंग्रजीतलं 'टू' मात्र क्रियापदापाशीच थांबतं: "द मोअर पीपल यू टॉक टू, द मोअर यू लर्न." 'टॉक टू', 'डिपेंड ऑन', 'लिसन टू', 'थिंक अबाउट' अशी क्रियापदं आली की शेवटी हात फिरवून बघा.

'द'च्या शंकेबद्दल: हा नेहमीचा आर्टिकल नव्हे. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचं एक करणवाचक रूप होतं, आपल्या तृतीयेसारखं, 'तितक्याने' या अर्थाचं. ते झिजून 'द' झालं. म्हणून तो क्रियाविशेषणाचं काम करतो आणि शाळेतला नियम त्याला लागू पडत नाही. उच्चाराचा नियम मात्र तोच, स्वराआधी 'दि': 'दि अर्लिअर', 'दि ईझिअर'.

खडूफळा

काना_मात्रांशी सहमत. त्यांनी चौथं वाक्य सोडलं, आणि माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

मराठीत 'जितका-तितका' दोन वेगळी कामं करतो. एक, दोन गोष्टी एकमेकींबरोबर वाढतात किंवा घटतात. दोन, दोन गोष्टी सारख्याच प्रमाणात आहेत. 'द मोअर' फक्त पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी 'ॲज… ॲज'. त्या मुलीची हुशारी वाढतेय आणि त्याबरोबर नम्रता वाढतेय, असं तुम्हाला म्हणायचं नाही. दोन्ही आहेत आणि सारख्याच आहेत, एवढंच. म्हणून "शी इज ॲज हम्बल ॲज शी इज क्लेव्हर". 'तितकीच' मधला 'च' दिसला की बहुतेक वेळा 'ॲज… ॲज' लागतं.

खात्री करायची असेल तर वाक्य 'जसजसं… तसतसं' घालून म्हणून बघा. 'जसजसं उंच चढावं तसतशी थंडी वाढते', अर्थ टिकला, तर 'द मोअर'. 'जसजशी हुशार आहे तसतशी नम्र आहे', हे कानाला खटकतं, तर 'ॲज… ॲज'.

याच गोंधळातून ऑफिसच्या मेलमध्ये एक नमुना सापडतो. 'जितक्या लवकर होईल तितक्या लवकर कळवा' याचं "द सूनर पॉसिबल, द सूनर इन्फॉर्म" होतं. इथे काहीच वाढत-घटत नाही, हवं ते "प्लीज लेट अस नो ॲज सून ॲज पॉसिबल". तसंच 'हवं तितकं घे' म्हणजे "टेक ॲज मच ॲज यू वॉन्ट".

आणि "ॲज मच यू स्टडी, दॅट मच मार्क्स यू विल गेट" हे शिकवणीच्या वर्गात सर्रास ऐकू येतं. 'तितके'साठी 'दॅट मच' घालायचा मोह होतो, पण या रचनेत त्याला जागाच नाही. 'देन'सुद्धा नाही.

उलटसुलट

काना_मात्रा, एका ठिकाणी थोडं वेगळं मत आहे. "द मोअर यू रीड बुक्स" व्याकरणाने चूक नाही. तिथे 'मोअर' पुस्तकांचा न राहता वाचण्याचा होतो, म्हणजे पुस्तकवाचन जितकं वाढेल तितकं. मूळ मराठीत 'जास्त पुस्तकं' आहे म्हणून इथे "मोअर बुक्स"च हवं, पण वाक्य सरसकट चूक ठरवू नये.

तसंच तिसऱ्यातलं "इज द सर्व्हिस" हा उलटा क्रम. दुसऱ्या भागात, कर्ता नाम असताना, औपचारिक लेखनात तो चालतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत "द हायर द प्राइस, द लोअर इज द डिमांड" अशी वाक्यं भेटतात. पहिल्या भागात मात्र नको: "द हायर इज द प्राइस" नाही. सर्वनाम असेल तर दुसऱ्यातही नको.

काना_मात्रा

दोन्ही मान्य. परीक्षेत मात्र सरळ क्रमच ठेवा, उलट्या क्रमावर गुण कापणारे तपासनीस आहेत. स्वल्पविरामही न चुकता द्या. "द सूनर द बेटर" सारख्या तयार वाक्प्रयोगांत तो गाळतात, पूर्ण वाक्यात नाही.

खडूफळा

रूपांतराच्या प्रश्नात बहुधा 'ॲज' किंवा 'इफ'चं वाक्य दिलेलं असतं. उदा. "इफ यू ड्राइव्ह केअरफुली, यू विल बी सेफ." आधी 'इफ' काढा. मग प्रत्येक भागात कमी-जास्त होऊ शकणारा शब्द शोधा, इथे 'केअरफुली' आणि 'सेफ'. त्यांची तुलनेची रूपं करून, 'द' लावून, आपापल्या भागाच्या तोंडाशी आणा. उरलेलं आहे त्या क्रमाने मागे ठेवा: "द मोअर केअरफुली यू ड्राइव्ह, द सेफर यू विल बी." शब्द मूळ जागेवरूनही खोडला का, ते बघा. "द मोअर केअरफुली यू ड्राइव्ह केअरफुली" असं घाईत राहून जातं.

'केअरफुली'चं 'केअरफुल' करू नका. गाडी चालवण्याची रीत सांगताय, म्हणून क्रियाविशेषणच राहणार. 'बी', 'गेट', 'बिकम', 'फील' यांच्याबरोबर मात्र विशेषण.

कमी-जास्त होणारा शब्दच सापडला नाही तर? 'जसजशी गाडी जवळ आली तसतसे लोक पुढे सरकले' यात 'जवळ' सापडतो, पण 'पुढे सरकले' ला मोजमाप नाही. तिथे ओढूनताणून 'द मोअर' करू नये: "ॲज द ट्रेन केम क्लोजर, पीपल मूव्ह्ड फॉरवर्ड."

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. 'जसजसं'ची कसोटी फारच कामाची. तीन नवी वाक्यं देतो, बघाल का?

अ. जसजशी परीक्षा जवळ येते तसतशी झोप कमी होते. "द निअरर दि एक्झाम कम्स, द लेस आय स्लीप."
आ. जितक्या कमी चुका कराल, तितके जास्त गुण मिळतील. "द लेस मिस्टेक्स यू मेक, द मोअर मार्क्स यू विल गेट."
इ. जितकं बोलणार नाही तितकं बरं. "द मोअर यू डोन्ट स्पीक, द बेटर."

उलटसुलट

अ बरोबर.

आ मध्ये चुका मोजता येतात, म्हणून 'लेस'ऐवजी 'फ्यूअर': "द फ्यूअर मिस्टेक्स यू मेक". पैसा, वेळ, तेल, आवाज यांना 'लेस'. बाकी वाक्य ठीक.

इ मध्ये 'मोअर' आणि 'डोन्ट' एकत्र नांदत नाहीत. नकार 'लेस'मध्येच मुरवायचा: "द लेस यू स्पीक, द बेटर." मराठी वाक्य आधी 'जितकं कमी बोलाल तितकं बरं' असं करून घेतलंत की इंग्रजी आपोआप येतं. दुसऱ्या भागात नुसतं 'द बेटर' चालतं, 'इट इज' लिहायची गरज नाही.