मदत हवी आहे: लिफ्ट दुरुस्तीच्या टीमसाठी फोन निवडायचा आहे, कामाचा एकही कॉल चुकायला नको

नमस्कार मंडळी,

लिफ्टची देखभाल-दुरुस्ती हा आमचा व्यवसाय. मी, ऑफिस सांभाळणारी माझी बहीण आणि साइटवर फिरणारी सहा मुलं, एवढाच पसारा. आतापर्यंत जो तो आपापल्या फोनवरून काम करत होता. आता कंपनीचे फोन घ्यायचं ठरवलंय, शक्यतो सगळ्यांना एकच मॉडेल. दुकानात विचारायला गेलं की कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि गेम किती सुरळीत चालतो हेच ऐकायला मिळतं. आमची गरज वेगळी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा विषय निघाला तो एका प्रसंगामुळे. आमचा सगळ्यात अनुभवी मेकॅनिक एकाच फोनमध्ये दोन सिम वापरतो, एक घरचं आणि एक कामाचं. एका दुपारी तो घरच्या नंबरवर बोलत होता. नेमकी त्याच वेळी एका इमारतीत एक आजी लिफ्टमध्ये अडकल्या. तिथल्या वॉचमनने कामाचा नंबर सात वेळा लावला, आणि सातही वेळा ‘हा नंबर बंद आहे’ असंच ऐकू आलं. फोन बंद नव्हता, त्याच्या कानाला होता. शेवटी कुणीतरी ऑफिसचा नंबर शोधून काढला आणि मी धावलो. दार उघडलं तेव्हा आजी कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. बाहेर आल्यावरही बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही. त्या सुखरूप आहेत, पण पाऊण तास आत होत्या, आणि तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जात नाही.

नंतर शोधाशोध केल्यावर कारण समजलं. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये दोन्ही सिम एकाच रेडिओवर पाळी-पाळीने चालतात. कॉल नसताना दोन्ही नंबर लागतात. एका सिमवर बोलणं सुरू झालं की रेडिओ त्यात अडकतो आणि दुसरं सिम तेवढ्यापुरतं नेटवर्कच्या लेखी गायब होतं. खोक्यावर ‘ड्युअल सिम’ एवढंच छापलेलं असतं, त्यामुळे आम्ही इतकी वर्षं गृहीत धरलं होतं की दोन्ही नंबर कायम चालू असतात.

तर माझा पहिला आणि सगळ्यात मोठा प्रश्न हाच. यावर नीट उपाय असलेला फोन कोणता? की प्रत्येकाला दोन वेगळे फोनच द्यावेत? खिशात दोन फोन घेऊन शिडीने पिटमध्ये (लिफ्टखालच्या खड्ड्यात) उतरायला मुलं तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

बाकीच्या अडचणी अशा:

हात सतत ग्रीसने आणि दोराच्या तेलाने माखलेले असतात. बोटाचा ठसा लागतच नाही. पाच वेळा अंगठा पुसून, शेवटी पिन टाकून फोन उघडायचा, त्यात वेळ जातो. एकाने तर कंटाळून लॉकच काढून टाकलं, आणि त्या फोनमध्ये सगळ्या इमारतींच्या सेक्रेटरींचे नंबर आहेत.

मशीन रूम आणि पिट या दोन्ही जागी रेंज नसते. तळघरात असेल तर विचारूच नका.

कंट्रोलरवरच्या फॉल्ट कोडचा आणि जळलेल्या कार्डचा (सर्किट बोर्डाचा) फोटो रोज लागतो. चकचकीत सर्किट बोर्डावर फ्लॅश पडला की आकडे पांढरे होतात, त्यामुळे मंद उजेडात जवळून स्वच्छ फोटो येणं महत्त्वाचं. सेल्फी कशी येते याच्याशी घेणं नाही.

फोन पडतात. एक तर थेट शाफ्टमध्ये चार मजले खाली गेला.

आणखी एक. मागे एक मुलगा काम सोडून गेला, जाताना फोन परत देऊन गेला. आम्ही बटणं दाबून तो रिसेट केला, तर सुरू होताना त्याने त्या मुलाच्याच गुगल खात्याचा पासवर्ड मागितला. मुलाचा पत्ता नाही. तो फोन अजून कपाटात पडून आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं. मॉडेलचं नाव नाही सुचवलं तरी चालेल, काय तपासून घ्यायचं ते कळलं तरी पुष्कळ झालं.

प्रतिसाद

दोन फोन देऊ नका, आधी कॉल फॉरवर्डिंग वापरून बघा. कामाच्या सिमवर ‘संपर्क होत नसेल तेव्हा’ या पर्यायात त्याच फोनमधल्या घरच्या सिमचा नंबर टाका. घरच्या सिमवर कॉल वेटिंग चालू ठेवा. म्हणजे घरच्या नंबरवर बोलणं चालू असताना कामाचा कॉल आला की नेटवर्कला कामाचं सिम सापडत नाही, कॉल घरच्या नंबरवर वळतो आणि कानात वेटिंगची टुंकटुंक ऐकू येते. उलट दिशेनेही तसंच करता येतं. सेटिंगमध्ये सापडलं नाही तर **६२* मग नंबर मग # असं डायल करायचं, जीएसएम मोबाइल नेटवर्कमधला हा ठरलेला कोड आहे. सगळं फॉरवर्डिंग काढायचं असेल तर ##००२#. मात्र मुलांना एक बजावून सांगा, अनोळखी माणसाने फोनवर असा कोड डायल करायला सांगितला तर अजिबात करायचा नाही. कॉल आपल्याकडे वळवून घेण्याची ती फसवणूक असते.

नवीन फोनमध्ये आणखी एक सोय मिळते. एका सिमवर बोलणं चालू असताना दुसऱ्याचा कॉल पहिल्याच्या इंटरनेटवरून घेता येतो. आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइडमध्ये हे आहे, पण त्यासाठी तुमच्या नेटवर्कने त्या मॉडेलवर वायफाय कॉलिंग (मोबाइल टॉवरऐवजी इंटरनेटवरून कॉल) दिलेलं असावं लागतं. मशीन रूमसाठीही तुम्हाला वायफाय कॉलिंगच उपयोगी पडेल, इमारतीचं वायफाय मिळत असेल तर. म्हणून सगळे फोन एकदम घेऊ नका. एक घ्या, तुमचंच सिम घाला, तुमच्याच तळघरात नेऊन बघा.

प्रतिसाद

कपाटातल्या फोनबद्दल. ही चोरीविरोधी सोय अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. मूळ खरेदीची पावती दाखवून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. पुढच्या वेळी फोन परत घेताना माणूस समोर असतानाच सेटिंगमधून खातं काढायचं आणि मगच रिसेट.

खरा उपाय म्हणजे वर्क प्रोफाइल. कामाची अ‍ॅप, कामाचे संपर्क, कामाचे फोटो वेगळ्या कप्प्यात राहतात, त्यांच्यावर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. मुलगा सोडून गेला की तेवढा कप्पा दूरवरून पुसता येतो. त्याचे घरचे फोटो तुम्हाला दिसत नाहीत, आणि हे मुलांना आधीच मोकळेपणाने सांगा. नाही सांगितलं तर ती कंपनीचा फोन घरी ठेवतील आणि तुमचा प्रश्न होता तिथेच राहील.

मजबुतीबद्दल माझं मत जरा कडक आहे. आयपी६८ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्यात बुडाला तरी काही काळ टिकतो, पण ती चाचणी साध्या पाण्यात आणि कोऱ्या फोनवर होते. ग्रीस, डिझेल, सफाईचे सॉल्व्हंट यांची हमी त्यात नाही, आणि एकदा आपटलेल्या फोनचं सील पहिल्यासारखं राहत नाही. चांगलं जाड कव्हर आणि मनगटाला दोरी, शाफ्टच्या कामात यांनी जास्त फोन वाचतील. बॅटरी हाताने बदलता येणारे फोन अजून मिळतात, सॅमसंगची एक्सकव्हर मालिका तशी आहे. तुमच्या कामाला तो प्रकार बघण्यासारखा आहे.

अपडेट किती वर्षं मिळणार ते मात्र नक्की विचारा. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून गुगलने आणि २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून सॅमसंगने वरच्या मॉडेलना सात वर्षं द्यायला सुरुवात केली. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी त्यातली दोन वर्षं आधीच गेलेली असू शकतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार.

काल रात्री बहिणीने आणि मी ऑफिसात बसून फॉरवर्डिंग करून पाहिलं. तिने माझ्या घरच्या नंबरवर कॉल चालू ठेवला, मी लँडलाइनवरून कामाचा नंबर लावला. पहिल्यांदा काहीच झालं नाही, कारण घरच्या सिमवर कॉल वेटिंगच बंद होतं. ते चालू केलं आणि दोन-तीन सेकंदांत कानात टुंक वाजली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवीन फोन यायचे तेव्हा येतील, हे सहाही मुलांच्या फोनवर आज सकाळीच करून टाकलं. वॉचमनकडच्या पाटीवरही आता ऑफिसचा नंबर मोठ्या अक्षरांत लावणार आहोत.

एक फोन आणून तळघरात नेऊन बघायचं पटलं, तसंच करतो. वर्क प्रोफाइलबद्दल मुलांशी शनिवारी बोलतो.

ग्रीसच्या हाताचं तेवढं राहिलं. चेहऱ्याने उघडणारं लॉक अंधाऱ्या मशीन रूममध्ये चालतं का? डोक्यावर हेल्मेट आणि टॉर्च असतो. कुणी अशा जागी रोज वापरत असेल तर कृपया सांगा.