कोल्हापुरात पहिला साप पाळायचा आहे: कोणता निवडावा आणि कसा सांभाळावा?

राजारामपुरीकर (प्रश्न)
नमस्कार. आमचे शेत पन्हाळा तालुक्यात आहे. लहानपणी बांधावरून सळसळत गेलेली धामण पाहिली, तेव्हापासून सापांविषयीची ओढ कायम आहे. आता शिक्षण संपून नोकरी लागली असल्याने एक साप नीट अभ्यास करून पाळावा, असे मनात आहे. गेल्या आठवड्यात गड्याला गोठ्याजवळ तस्कराचे पिल्लू सापडले. ते बिनविषारी असल्याने घरी ठेवावे का, असा विचार आला. परंतु एका मित्राने बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक घेण्याचा सल्ला दिला. घरात आई-वडील आणि ऐंशी वर्षांची आजी आहे. इथल्या हवेत यांपैकी कोणता साप चांगला राहील आणि सुरुवात कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

बांधावरचा सर्पमित्र
तस्कराचे पिल्लू आजच सोडून द्यावे, ही पहिली विनंती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तस्कर, धामण, दिवड, नानेटी, मांडूळ असा आपल्याकडील कोणताही रानटी साप घरात ठेवता येत नाही. तो बिनविषारी आहे, शेतातच सापडला किंवा आपण त्याला जीव लावतो, या कारणांनी कायदा बदलत नाही. पिल्लू धडधाकट असेल तर सापडले तेथेच, गोठ्यापासून थोड्या अंतरावर झाडोऱ्यात सोडावे. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

कायद्याइतकेच महत्त्वाचे दुसरे कारण मी अनेकदा डोळ्यांनी पाहिले आहे. रानातून धरलेला साप पेटीत शांत बसत नाही, काचेवर नाक घासून घासून तोंडाला जखम करून घेतो आणि पुष्कळदा खाणेच सोडतो. उलट तोच साप शेतात राहिला तर तुमच्या धान्याच्या कणगीतले उंदीर कमी करतो. सापांचा सहवास हवा असेल, तर अनुभवी सर्पमित्राबरोबर चार पावसाळे हिंडावे. त्यातही शिकण्यासारखे खूप आहे.

शाहूपुरीतील पालक
माझ्याकडे सहा वर्षांपासून बॉल पायथन आहे, म्हणून त्याविषयी खात्रीने लिहितो. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साधारण ३ ते ५ फूट वाढणारा, संथ आणि लाजाळू साप आहे. घाबरला की तो अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. चांगली निगा राखली तर तो वीस-तीस वर्षे जगतो, म्हणून लग्न, बदली, घर बदलणे या सगळ्यांत त्याचे काय होणार, हे आधीच ठरवा. तो साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे केंद्र सरकारच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंदणी करावी लागते. पिंजऱ्यात जन्मलेले पिल्लूच घ्या आणि विकणारा कागदपत्रे दाखवायला कचरत असेल तर तेथून उठून या.

कोल्हापूरच्या हवेचा प्रश्न तुम्ही नेमका विचारलात. या सापाला पेटीच्या एका बाजूला सुमारे ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२६ अंश तापमान लागते, कारण तो ऊबेतून गारव्यात जाऊन स्वतःच्या शरीराचे तापमान सांभाळतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे चांगलाच गारठा पडतो, तेव्हा थर्मोस्टॅट (तापमान ठराविक पातळीवर ठेवणारे उपकरण) जोडलेली हीट मॅट, म्हणजे ऊब देणारी विजेची चटई, आवश्यक ठरते. थर्मोस्टॅटशिवाय ती कधीही वापरू नका, पोट भाजते. पावसाळ्यात अडचण उलटी असते. हवेतच ओल असते आणि अंथरलेला नारळाचा भुसा दमट राहिला तर पोटाखालचे खवले सडू लागतात, म्हणून जून ते सप्टेंबर मी भुसा काढून साधा कागद घालतो आणि तो दर दोन दिवसांनी बदलतो. दोन्ही बाजूंना अंग चोरून बसता येईल अशी लपण्याची जागा हवी. माझ्या सापाला कुंभाराकडचे आडवे ठेवलेले मडके सर्वांत आवडते.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला असून तो थोडा अधिक चपळ असतो. तो सहसा खाण्याच्या बाबतीत रुसत नाही आणि त्याला ऊबही थोडी कमी चालते. नवख्या माणसासाठी मी त्याचेच नाव आधी घेईन. मात्र बोटभर फटीतूनही तो निसटतो, त्यामुळे झाकणाला कडी हवीच. आपल्या पेठांमधली घरे भिंतीला भिंत लागून आहेत. शेजाऱ्याच्या न्हाणीघरात ठिपक्यांचा साप दिसला, तर लोक त्याला घोणस समजून काठीच उचलतील.

राजारामपुरीकर
मनःपूर्वक धन्यवाद. तस्कर काल संध्याकाळी सोडून दिला. आता मोठी अडचण खाण्याची आहे. घरात देवघर आहे, आजीचे उपवास असतात, तेथे उंदीर ठेवायचे कसे? तसेच साप जेवला नाही तर किती दिवसांनी काळजी करावी?

शाहूपुरीतील पालक
मी माझ्या खोलीत वेगळा लहान फ्रीज ठेवला आहे. स्वयंपाकघरातला वापरू नका, हे आजीच्या भावनेसाठी आणि स्वच्छतेसाठीही योग्य आहे. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून लांब चिमट्याने द्यावा. त्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी असावी. जिवंत उंदीर सोडू नये, कारण तो सापाला चावून गंभीर जखमा करतो. पिल्लाला आठवड्यातून एकदा आणि मोठ्याला दोन-तीन आठवड्यांनी एकदा पुरते. जेवल्यावर ४८ तास त्याला हातात घेऊ नका. साप हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि आजींना त्याचा त्रास अधिक होईल.

बॉल पायथन कात टाकण्याआधी, डोळे निळसर झाले की, हमखास उपाशी राहतो. माझा एका हिवाळ्यात अडीच महिने जेवला नव्हता. वजन टिकून असेल तर वाट पाहावी आणि त्यासाठी दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे. परंतु तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकातोंडाशी फेस येणे किंवा झपाट्याने वजन उतरणे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सापांवर उपचार करणारे पशुवैद्य फार थोडे आहेत, त्यामुळे साप घरी आणण्यापूर्वीच असा एक डॉक्टर शोधून त्यांच्याशी बोलून ठेवा.